जिओकॅशिंगचं पेन आणि रशियन पेन्सिलीची ती गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जिओकॅशिंगवर लेख आला ते बघून बरं वाटलं, मराठीत या खेळाबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, आणि इकडे सिएटलच्या बाजूला राहणारी आमची मराठी मंडळी तर शनिवार-रविवार मुलांना घेऊन हेच करत असतात. लेखात सगळं होतं, ॲप कुठलं, बूट कुठले, जॅकेट कुठलं, पॉवरबँक केवढी. पेनाबद्दल मात्र एकच ओळ, की सोबत एखादं चांगलं जेल पेन ठेवा, आणि त्याच्याच पुढे ती नेहमीची गोष्ट, नासानं अंतराळात लिहिणारं पेन बनवायला लाखो डॉलर घातले आणि रशियनांनी सरळ पेन्सिल वापरली. या दोन्हीबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना. थंडी-पावसात जेल पेन न्या म्हणणं हा सगळ्यात वाईट सल्ला आहे, आणि ती गोष्ट खरी नाही. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर कापा, पण पेनाचा भाग तेवढा ठेवा.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोणीतरी एक डबी लपवतं, झाडाच्या ढोलीत, बाकाखाली, पुलाच्या कठड्याला लोहचुंबकानं चिकटवून, आणि तिचे अक्षांश-रेखांश या खेळाच्या साइटवर टाकतं. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन ती शोधायची, उघडायची, आतल्या कागदावर आपलं नाव नि तारीख टाकायची आणि होती तशी परत ठेवायची. त्या कागदाला लॉग म्हणतात. ॲपवर 'सापडली' म्हणून बटण दाबता येतं, पण नियम असा की कागदावर सही असेल तरच सापडली धरायची. म्हणजे फोन कितीही महागाचा असू दे, शेवटी सगळं येऊन अडतं ते पेनावर, आणि बऱ्याचशा डब्या इतक्या बारक्या असतात की त्यात पेन मावतच नाही, म्हणून साइटवर आधीच लिहिलेलं असतं की पेन आपापलं आणा.

आता हा खेळ जन्मला तोच मुळी पावसाच्या मुलखात. जीपीएसच्या सिग्नलमध्ये अमेरिकन सरकार मुद्दाम चूक घालून ठेवायचं, साध्या माणसाचं यंत्र शंभर-शंभर मीटर चुकायचं, ती चूक क्लिंटन सरकारनं मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली आणि लगेच ३ मे ला डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगनमध्ये पोर्टलंडजवळ बीव्हरक्रीकच्या जंगलात एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. बादलीत काय काय होतं, पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, एक गलोल, बीन्सचा डबा, आणि नावं लिहायला एक वही आणि पेन्सिल. पेन नाही हां, पेन्सिल. त्या माणसानं पेनांचा काही फार विचार केला असेल असं मला वाटत नाही, पण ऑरेगनचा माणूस, बाहेर ओलीत ठेवायच्या वस्तूबरोबर काय ठेवायचं हे तिकडच्या कोणालाही न सांगता कळतं. आज त्या जागी स्मारकाची पाटी आहे आणि लोक लांबून लांबून ती बघायला येतात. या खेळाची मुख्य साइट चालवणाऱ्या कंपनीचं ऑफिस पण इथे सिएटलच्या फ्रीमॉन्ट भागात आहे. तिसरी प्रसिद्ध जागा म्हणजे स्नोक्वाल्मीचा जुना रेल्वे बोगदा, साडेतीन किलोमीटरच्या वर लांब, त्यातून चालत किंवा सायकलवर पलीकडे गेलं की तिथे २००१ साली एका सिनेमाच्या जाहिरातीसाठी लपवलेल्या डब्यांपैकी एक आहे. बोगद्यात भर ऑगस्टमध्ये स्वेटर लागतो, वरून थेंब थेंब गळत असतं, आणि हिवाळ्यात तर तो बंदच ठेवतात. तुमचे वाचक मुलाकडे-मुलीकडे इकडे येतात तेव्हा या तीन जागा एका लांब वीकेंडमध्ये होऊ शकतात, म्हणून सांगितलं.

इथल्या पावसाबद्दल एक गैरसमज पण काढून टाकते. सिएटलला मुंबईच्या निम्म्याहून कमी पाऊस पडतो वर्षभरात. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत येतो, धो धो पडतो आणि मोकळा होतो, इथला ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत नुसता भुरभुरत राहतो, छत्री उघडावी इतका नाही आणि न उघडावी इतका कमी पण नाही, आणि ऐन हिवाळ्यात तर हवा चार-पाच अंशांवर. काहीच वाळत नाही. झाडं शेवाळलेली, डबी शेवाळलेली, आणि डबीचं झाकण कोणीतरी नीट न लावता गेलं असेल तर आतला कागद म्हणजे चहात बुडवलेलं बिस्कीट.

तर मुद्दा. पेन कुठलं घ्यायचं विचारलं की लोक 'थंडी-पावसात चालणारं' असं एका दमात म्हणतात, जणू एकच अडचण आहे. थंडी आणि पाऊस या दोन वेगळ्या अडचणी आहेत. थंडी शाईला बाधते, पाऊस कागदाला. त्यामुळे एकीवरचा इलाज दुसरीला लागू पडेलच असं नाही, आणि दुकानात जाऊन 'चांगलं' पेन मागून उपयोग नाही, कारण दुकानदाराचा कागद कोरडा असतो आणि दुकानात हीटर चालू असतो, तिथे तीन रुपयांचं पेन पण सुंदर लिहितं.

साधं बॉलपेन घ्या. त्यातली शाई तेलकट आणि घट्ट असते, टोकाला बारीकशी गोळी असते, ती कागदावर घासून फिरते आणि फिरताना शाई बाहेर आणते. थंडीत तेल घट्ट होतं तशी ही शाई घट्ट होते, गोळी फिरते पण शाई येत नाही, कागदावर नुसत्या रेघा उमटतात बिनरंगाच्या. यावर इलाज सोपा आहे, पेन सॅकच्या बाहेरच्या खिशात किंवा रात्रभर गाडीत न ठेवता आतल्या शर्टाच्या खिशात ठेवायचं, अंगाची ऊब पुरते. पण कागद ओला असेल तर पेन कितीही उबदार असलं तरी चालणार नाही, कारण गोळी फिरायला कागदाचा खरखरीतपणा लागतो आणि ओल्या कागदावर पाण्याचा पातळ थर असतो, गोळी त्याच्यावरून घसरत जाते, फिरतच नाही. मग माणूस काय करतो, जोर लावतो, गिरगटतो, तेवढ्यात भिजलेल्या कागदाचा लगदा गोळीच्या खाचेत जाऊन बसतो आणि ते पेन त्यानंतर कोरड्या कागदावर पण लिहीत नाही. आणखी एक, बॉलपेनाची शाई खाली उतरते ती वजनानं. जंगलात टेबल नसतं, लोक कागद झाडाच्या बुंध्यावर नाहीतर गाडीच्या काचेवर धरून लिहितात, पेन आडवं किंवा थोडं उलटं होतं, चार अक्षरांनंतर शाई थांबते. यात पेनाचा काही दोष नाही, ते टेबलावर लिहायलाच केलेलं आहे.

जेल पेनाचं काय होतं ते बघा. शाई पाण्यात केलेली. जेल असते म्हणजे गोळी फिरली की पातळ होते आणि कागदावर गेली की पुन्हा आळते, म्हणून हाताला इतकं गुळगुळीत लागतं, परीक्षेत आपण सगळे तेच वापरत आलो. आता पाण्यात केलेली शाई ओल्या कागदावर टाकली की ती पसरणारच, जांभळा-निळा ढग होतो आणि त्यात नाव शोधत बसायचं. काही महागड्या जेल पेनांत रंगाची बारीक पूड असते, विरघळणारा रंग नसतो, ती शाई एकदा वाळली की मग पाण्याला दाद देत नाही हे खरं आहे, पण वाळायला कागद कोरडा लागतो ना, तिथेच तर सगळं घोडं अडलंय. शिवाय शून्याच्या खाली गेलं की पाण्याची शाई गोठायला लागते. फाउंटन पेनाचं तेच, उलट जास्तच, त्याबद्दल लिहीत नाही, जंगलात फाउंटन पेन नेणाऱ्याला माझा सल्ला नको असणार.

आणि जेल पेनावर माझा खरा राग वेगळाच आहे. बॉलपेन चाललं नाही तर नुकसान फक्त तुमचं, सही राहिली एवढंच. जेल पेन चालतं, छान चालतं, तुम्ही खुशीत सही करून घरी जाता, आणि पुढच्या महिन्यात डबीत ओल शिरली की तुमची शाई वरच्या-खालच्या चार जणांच्या नावावर उतरते, कारण लॉग गुंडाळून ठेवलेला असतो, एक पदर दुसऱ्याला चिकटलेला. ज्यांनी नीट लिहिलं त्यांचंही गेलं. डबीचा मालक तीन-चार महिन्यांनी नावं ताडून बघायला येतो तेव्हा त्याला निळा पट्टा मिळतो. म्हणून भरवशाचं पेन म्हणजे नुसतं लिहिणारं नाही, लिहिलेलं राहिलं पण पाहिजे, आणि तुमच्या लेखात विचार फक्त लिहिण्याचा होता.

परमनंट मार्कर लिहितो पण आणि राहतो पण, शाई स्पिरिटची असते त्यामुळे थंडीला भीत नाही. पण त्याचं टोक बघा आणि नॅनो डबीतली पट्टी बघा. नॅनो म्हणजे करंगळीच्या पेराएवढी लोहचुंबकवाली डबी, आत जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी गुंडाळलेली, त्यावर मार्करनं नाव लिहिलं की तीन जणांची जागा खाल्ली आणि मागच्या बाजूला पण उतरलं. डबीच्या झाकणावर नंबर टाकायला मार्कर छान, लॉगवर नको.

राहिली पेन्सिल. ग्राफाइट गोठत नाही, वितळत नाही, पाण्यात विरघळत नाही, उन्हात उडत नाही, उलटी धरा आडवी धरा तिला फरक पडत नाही, आणि हातमोजे घालून पण धरता येते. म्हणून इकडे जरा मोठी डबी असेल तर लोक आत गोल्फच्या मैदानावर देतात तसली आखूड पेन्सिल टाकून ठेवतात, पेन नाही, कारण पेन थंडीत गोठतं आणि उन्हाळ्यात गळतं. पण 'पेन्सिल घ्या' एवढं सांगून पण भागत नाही, कारण कुठली ते महत्त्वाचं. टोक काढलेली कडक पेन्सिल ओल्या कागदाला ब्लेडसारखी फाडते. पॉइंट फाइव्हची शिसं घालायची पेन्सिल तर अजिबात नको, तिचं शिसं एकतर मोडतं नाहीतर कागदातून आरपार जातं. मऊ पेन्सिल पाहिजे, टू-बी किंवा फोर-बी, टोक जरासं बोथट केलेलं, आणि हलक्या हातानं लिहायचं. मी भारतातून येताना शाळेतल्यासारखा डार्क पेन्सिलींचा डबा आणते, चित्रकलेला वापरतात त्या, आणि अर्ध्या कापून बॅगेत टाकते, सोबत शार्पनर. शार्पनर विसरू नका, मोडलेल्या टोकाच्या पेन्सिलीसारखी निरुपयोगी वस्तू जंगलात दुसरी नाही.

यावर आमच्या बाबांचं वेगळं मत आहे आणि ते ऐकण्यासारखं आहे. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, जन्मभर पावसात लेव्हल घेत फिरले, आणि ते म्हणतात की फील्ड बुक, म्हणजे जागेवर मोजमापं टिपायची वही, लिहायचं ते कडक पेन्सिलीनं, थ्री-एच नाहीतर फोर-एच, म्हणजे कागदावर खाच पडते, पाऊस लागला, हात फिरला, ग्राफाइट पुसलं तरी आकडा तिरप्या उजेडात वाचता येतो. खोडरबर वापरायचा नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून वर नवा आकडा लिहायचा. सर्व्हेच्या लोकांची हीच शिस्त आहे आणि ती बरोबरच आहे. फक्त फील्ड बुकाचा कागद जाड, पुठ्ठ्याची बांधणी, आणि पावसात ते पोटाशी धरलेलं असतं, कोणी महिनाभर झाडाच्या ढोलीत ठेवत नाही. कागद भक्कम असेल तर कडक पेन्सिल, कागद मेलेला असेल तर मऊ. बाबांना हे पटलं नाही, ते म्हणाले असला कागद ठेवणाऱ्यालाच मेमो द्यायला पाहिजे. तेही चूक नाही, त्यावर पुढे येते.

आता ती नासाची गोष्ट. खरं काय झालं ते नोंदलेलं आहे. आधी दोन्हीकडचे अंतराळवीर पेन्सिलीच वापरायचे. नासानं १९६५ मध्ये खास बनवून घेतलेल्या ३४ यांत्रिक पेन्सिली घेतल्या, एकेकीला १२८ डॉलरहून जास्त पडले, आणि त्यावरून अमेरिकेत बोंबाबोंब झाली. म्हणजे पैसे उधळले ते पेनावर नाही, पेन्सिलीवर! ते पेन काढलं पॉल फिशर नावाच्या पेनवाल्या कारखानदारानं, स्वतःच्या पैशानं, नासानं त्याला ते करायला एक डॉलर दिला नव्हता. तपासून घेतल्यावर नासानं ४०० च्या आसपास पेनं विकत घेतली, घाऊक भावात अडीच डॉलरच्या आत एक, आणि १९६८ च्या अपोलो ७ मध्ये ती वर गेली. आणि रशियनांनी १९६९ मध्ये त्याच माणसाकडून १०० पेनं आणि १,००० रिफिली घेतल्या. का, तर पेन्सिलीचं टोक मोडलं की ग्राफाइटचा कण यानात तरंगत राहतो, ग्राफाइटमधून वीज वाहते, तो यंत्रात गेला तर शॉर्ट होऊ शकतो, आणि लाकूड आग धरतं, जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या आगीत तीन जण गेल्यावर यानात जळणारी वस्तू कोणाला नको होती. जमिनीवर यातलं काहीच लागू नाही, म्हणून जंगलात पेन्सिल उत्तम आणि यानात वाईट, दोन्ही एकाच वेळी खरं. ही गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते ते ठीक आहे, पण तुमच्या पेपरात छापून आली की लोक ती खरी धरतात.

त्या पेनाचा आपल्याला उपयोग आहेच. त्याची रिफिल बंद असते आणि आत नायट्रोजन दाबून भरलेला असतो, तो शाईला मागून ढकलतो, त्यामुळे वजनाची गरज नाही, उलटं धरलं तरी लिहितं. शाई इतकी घट्ट की नुसत्या दाबानं गळत नाही, गोळी फिरली की मगच सैल होते. उणे ३४ अंश सेल्सियसपासून १२१ पर्यंत चालतं असं कंपनी सांगते. १२१ मध्ये कोण लिहिणार आहे ते सोडा, पण खालचा आकडा कामाचा. ओल्या कागदावर पण साध्या बॉलपेनापेक्षा पुष्कळ बरं, शाई मागून ढकललेली असल्यामुळे गोळी जरा जरी फिरली तरी खूण पडते. पण कागद लगदा झाला असेल तर तेही फाडतंच, अंतराळात जाऊन आलं म्हणून कागद सुधारत नाही. जपानमध्ये मित्सुबिशी पेन्सिल कंपनीचं पॉवर टँक नावाचं पेन येतं, त्यातही दाबलेल्या हवेची रिफिल, किंमत पुष्कळ कमी आणि गोठणाऱ्या थंडीत पण लिहितं. या कंपनीचा मोटारीवाल्या मित्सुबिशीशी संबंध नाही, ते असो. पैसे वाचवायचे असतील तर नवं पेन न घेता नुसती फिशरची रिफिल घ्या, तिच्यासोबत एक प्लास्टिकचं टोपण येतं ते मागे लावलं की ती पार्करच्या साच्याच्या पेनात बसते, आणि पार्करचं बक्षीस मिळालेलं पेन कोणत्या मराठी घरात ड्रॉवरमध्ये पडलेलं नाही? लेखात 'महाग पेन नेऊ नका, हरवतं' असं होतं, ते मात्र शंभर टक्के बरोबर आहे, टोपणवालं पेन असेल तर आधी टोपण हरवतं, म्हणून दोरी बांधा.

म्हणजे माझ्या खिशात काय असतं विचाराल तर आतल्या खिशात दाबाची रिफिल घातलेलं पेन, बाहेर अर्धी फोर-बी, आणि कागद बघून ठरवते. कोरडा पण थंड, तर पेन. ओला, तर पेन्सिल. आणि बघायच्या आधी टिपकागद. टिश्यू पेपरच्या दोन घड्यांमध्ये लॉगची पट्टी अर्धा मिनिट दाबून धरली की कुठल्याही पेनाची पत वाढते, हे इतकं साधं आहे आणि तरी लोक पन्नास डॉलरची पेनं शोधत बसतात. खाली कडक काहीतरी धरायचं, जुनं एटीएम कार्ड चालतं. डबी पावसात उघडायची नाही, अंगानं आडोसा करून किंवा जॅकेटच्या आत उघडायची, आणि आधी स्वतःचे हात पुसायचे, कारण निम्म्या वेळा कागद पावसानं नाही, आपल्याच बाहीवरून ओघळलेल्या पाण्यानं भिजतो.

आता बाबांचा मेमो. कागद ठेवतो कोण, तर डबी लपवणारा. साधा ऑफिसचा झेरॉक्स कागद फाडून आत टाकायचा आणि मग येणाऱ्यांनी अंतराळातलं पेन आणायचं, हा न्याय झाला का? इथून तासाभरावर टकोमा म्हणून गाव आहे, तिथली एक कंपनी १९१६ पासून पावसात लिहायचा कागद बनवते, मूळ गिऱ्हाईक म्हणजे जंगलात लाकूडतोड करणाऱ्या कंपन्या, पावसात मोजमापं लिहायची असायची. आज त्या कागदाच्या तयार लॉगपट्ट्या मिळतात, पाणी त्यावर अळूच्या पानावर राहतं तसं मण्यासारखं राहतं, पुसून टाकायचं आणि लिहायचं. पण त्याची पण एक खोड आहे, पाण्याची शाई असलेलं पेन त्यावर नीट धरत नाही, म्हणजे इथे पण जेल पेन बाद! पेन्सिल, बॉलपेन किंवा दाबाचं पेनच लागतं. आणि डबीला रबरी रिंग असलेलं झाकण पाहिजे. पूर्वी कॅमेऱ्याच्या रोलची डबी सर्रास वापरायचे, ती पाणी अडवते असं सगळ्यांना वाटतं, दोन पावसाळे गेले की नाही अडवत. लॉग खराब झालेला दिसला तर साइटवर मालकाला कळवायची सोय आहे, ती वापरावी, आणि आपल्याकडे कोरडी पट्टी असेल तर एक आत टाकावी, जुनी मात्र काढून न्यायची नाही, ती मालकाची.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सगळं लांबचं वाटेल. मुंबई-पुण्याकडे डब्या आहेत पण मोजक्या, आणि जुलैमध्ये सह्याद्रीत डबी शोधायला जाण्यापेक्षा लोक भजी खायला जातात, योग्यच आहे. तिथे थंडीचा प्रश्न जवळजवळ नाहीच, महाबळेश्वरला डिसेंबरात पहाटे पेन जरा अडेल तेवढंच. पण ओल्याचा प्रश्न आमच्यापेक्षा दहापट. आणि तो डबीवाल्यांपुरता नाही. पावसात बाहेर उभं राहून लिहायची नोकरी असलेली माणसं तिकडे किती आहेत, वनरक्षक, पर्जन्यमापकाचा आकडा रोज सकाळी लिहिणारे, अवकाळीनंतर बांधावर पंचनामा करणारे तलाठी आणि कृषी सहाय्यक. बरंचसं मोबाइलवर गेलं असलं तरी ओल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. सही शाईचीच लागते तिथे पेन्सिल चालणार नाही, पण तिथे दाबाच्या रिफिलचं पेन आणि खाली एक टिपकागद एवढ्यानं पुष्कळ काम होईल. तुमच्या पुरवणीत असल्या वस्तूंची चाचणी छापत जा की, दर आठवड्याला मोबाइलच काय.

नासाच्या गोष्टीची दुरुस्ती दोन ओळींत छापली तरी चालेल. पुरवणी बाकी छान असते, फक्त ई-पेपरमध्ये शब्दकोडं फोनवर उघडलं की उभे शब्द आडव्यांवर चढतात, लॅपटॉपवर ठीक दिसतं, तेवढं तुमच्या टेक्निकलवाल्यांना सांगा.

आपली,
एक वाचक, सिएटलजवळून